कॅम्डनचा शनिवार: सातची मैफल की साडेदहाचा डीजे?

भाचा पुण्याहून तीन महिन्यांच्या कामासाठी लंडनला आलाय. परवा त्याचा मेसेज: "मामा, एकच शनिवार मोकळा मिळतोय. सोल-जॅझचा लाइव्ह कार्यक्रम ऐकू की डीजेच्या रात्री जाऊ? दोन्ही एकाच हॉलमध्ये आहेत." हाच प्रश्न याआधी मंडळातल्या दोघा-तिघांनीही विचारला होता. दोन्हीकडे मी बऱ्याच शनिवारी गेलो आहे, पदरचे पैसेही घातले आहेत, म्हणून आता एकदा नीट लिहून ठेवतो.

हॉल म्हणजे जॅझ कॅफे. कॅम्डन टाउन स्टेशनातून बाहेर पडून पार्कवेला वळलं की लगेच. पूर्वी तिथे बँक होती. खाली उभं राहायची जागा, वर सज्जात जेवणाची टेबलं. शनिवारी सातच्या सुमाराला दारं उघडतात, बँड वाजवतो, दहाच्या आसपास सगळ्यांना बाहेर काढतात आणि साडेदहाला त्याच फरशीवर डीजे सुरू होतो. दोन्हींची तिकिटं वेगळी. मला बँडचं तिकीट बहुतेक वेळा डीजेच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त पडलं आहे. पण एकाच शनिवारचा प्रश्न असेल तर पैशांवर ठरवू नये असं वाटतं.

आधी बँडच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू खरोखर भक्कम आहे. सोल-जॅझ, म्हणजे चर्चच्या गाण्याचा आणि ब्लूजचा रंग चढलेलं जॅझ, म्हटलं की हॅमंड हा विजेवरचा ऑर्गन आला. ज्या चर्चना पाइपांचा मोठा ऑर्गन परवडत नव्हता त्यांनी हॅमंड घेतला. तिथला सूर, तिथला टाळ्यांचा ठेका रात्रीच्या बारमध्ये उतरला आणि 1956 मध्ये ऑर्गनवादक जिमी स्मिथ ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीकडे आल्यानंतर या वाद्याचा जॅझमधला दर्जाच बदलला. रेकॉर्डवर हे सगळं ऐकू येतं. एक गोष्ट मात्र समोर बसल्याशिवाय कळत नाही. ऑर्गनला जोडलेल्या लेस्ली स्पीकरच्या लाकडी खोक्यात कर्णा गरागरा फिरत असतो. वाजवणारा कळ दाबून त्याचा वेग वाढवतो तेव्हा सूर थरथरत तुमच्या अंगावरून जातो. हवा हलल्यासारखी वाटते. पेटीचा भाता जोरात ओढला की शेजारी बसलेल्याला जे जाणवतं, त्याच जातीचं, फक्त कितीतरी मोठं. शिवाय पाय बघायला मिळतात. मी पाहिलेली एक वादक बूट काढून, नुसत्या मोज्यांवर खालच्या पट्ट्यांवरून पाय सरकवत खर्ज वाजवत होती. बँडमध्ये वेगळा बास नव्हताच. डावा हात आणि डावा पाय मिळून तो सांभाळत होते, आणि उजवा हात वर मोकळा फिरत होता.

इथे तिकीट काढणाऱ्याने एक चौकशी करावी. खरा बी-3, म्हणजे हॅमंडचा सर्वांत गाजलेला ऑर्गन, बाक आणि पायपट्ट्यांसकट दोनशे किलोच्या घरात जातो. त्यामुळे बरेच बँड तो आवाज काढणारा हलका कीबोर्ड घेऊन येतात. चांगले कीबोर्ड वाईट नसतात, पण फिरणाऱ्या कर्ण्यासाठी जात असाल तर बँडच्या फोटोत ते लाकडी खोकं दिसतंय का तेवढं बघून घ्या.

इतकं असून माझं मन फिरलं ते एका संध्याकाळी. हॉल दुसरा होता, नाव घेत नाही, कारण दोष त्या एका हॉलचा नव्हे. ऑर्गन, गिटार, ड्रम असे तिघं. दुसऱ्या भागात त्यांनी एक संथ चीज धरली. ड्रमवाल्याने काठ्या ठेवून ब्रश घेतले, गिटारवाला थांबला आणि ऑर्गनवालीने आवाज इतका कमी केला की एक धागा तेवढा उरला. आपल्याकडे गवई आलापात खाली मंद्रात उतरतो आणि सगळी बैठक पुढे झुकते, ती वेळ. नेमका तेव्हा माझ्या मागे दोघांमध्ये स्वयंपाकघराच्या टाइल्सचा विषय रंगला होता. कुठल्या कंत्राटदाराने किती सांगितले, काढायला किती, बसवायला किती. मी दोनदा मागे वळून बघितलं. बारच्या बाजूला तर बाजार भरला होता. ऑर्गनवालीने मान वर करून तिकडे एकदा पाहिलं, ड्रमवाल्याकडे पाहिलं, आणि ती चीज आटोपती घेतली. पुढचा नंबर दणदणीत होता, तो संपल्यावर लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

ती चीज अर्ध्यावर राहिली याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर उभ्याच्या हॉलमध्ये गेलो की कान तिकडेच जातात. चार-पाच कार्यक्रमांत तरी असंच पाहिलं: हळू वाजायला लागलं की कुजबुज, कुजबुजीची बडबड, आणि बडबडीला उत्तर म्हणून बँड पुन्हा मोठ्याने. म्हणजे काय वाजणार हे शेवटी बोलणारे ठरवतात. मैफलीत आपण दाद देतो तेव्हा आपणही बोलतोच, पण ते समेवर येणाऱ्याशी बोलणं असतं. इथे वाजवणाऱ्याकडे पाठ करून बोलतात. कदाचित माझ्याच वाट्याला अशा रात्री जास्त आल्या असतील. तरी पैसे देऊन उभा असलेला माणूस सर्वांत नाजूक जागेलाच तोंड फिरवतो, हे मला सहन होत नाही.

आता डीजेची बाजू. "रेकॉर्ड लावायला काय लागतं?" हा सूर आपल्या लोकांत बऱ्याचदा निघतो. कॅम्डनमध्ये तरी तो चुकीचा आहे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्याच इलेक्ट्रिक बॉलरूम या क्लबात पॉल मर्फी हे डीजे जॅझच्या रेकॉर्ड लावायचे आणि लंडनची कृष्णवर्णीय तरुण मुलं त्यावर अशी नाचायची की पायांकडे बघून ड्रमचा प्रत्येक ठोका मोजता यावा. पुढे गाइल्स पीटरसन आणि पॅट्रिक फोर्ज या डीजेंनी कॅम्डन लॉकवरच्या डिंगवॉल्स क्लबात रविवार दुपारची सभा भरवली. अमेरिकेतल्या दुकानांत धूळ खात पडलेल्या सोल-जॅझच्या तबकड्यांना इथल्या नाचणाऱ्यांनी पुन्हा मोल आणलं आणि त्यातून इथे नवे बँड उभे राहिले. त्यामुळे या गावात डीजे म्हणजे बँडनंतरचा भरणा नव्हे. काही बाबतीत बँडच डीजेच्या मागून आले.

आणि नाचणारा माणूस ऐकत असतो, हे मला उशिरा कळलं. एका रात्री बाराच्या सुमाराला साठीचे एक गृहस्थ आले. पिशवीतून चामड्याच्या तळाचे बूट काढून घातले, छोटा टॉवेल खांबामागे ठेवला आणि फरशीच्या कडेला उभे राहिले. दोन रेकॉर्ड नुसत्या ऐकल्या. तिसरी ऑर्गनची होती, तेव्हा हलले. सोलो चालू असताना पाय अगदी बारीक, जवळजवळ जागच्या जागी. सोलो संपून मूळ धून परत आली त्याच क्षणी पूर्ण गिरकी, आणि पाय समेवर. त्यांना ती रेकॉर्ड आवर्तन-आवर्तन पाठ होती. त्यांच्या आजूबाजूचे दहा-बाराजणही तसेच. कुणी एक शब्द बोलत नव्हतं. इतक्या आवाजात बोलता येत नाही हे खरंच, पण बोलावंसं कुणाला वाटतही नव्हतं.

डीजेच्या रात्रीचा दोषही सांगायला हवा. सोल-जॅझचे लांब नंबर त्या काळी छोट्या 45च्या तबकडीवर दोन तुकड्यांत निघायचे, भाग 1 एका बाजूला, भाग 2 दुसऱ्या. काही डीजे भाग 1 लावतात आणि सोलो रंगात येतो न येतो तोच आवाज विरतो, पुढचं गाणं सुरू. हे टाइल्सवाल्यांइतकंच टोचतं. म्हणून मी आधी त्या डीजेचा रेडिओवरचा किंवा नेटवर कुठे ठेवलेला दोन तासांचा मिक्स, म्हणजे सलग लावलेल्या रेकॉर्ड, ऐकतो. सात-आठ मिनिटांचा नंबर तो शेवटपर्यंत जाऊ देतो का, एवढंच बघायचं. जाऊ देत असेल तर डोळे मिटून तिकीट काढतो. बँडच्या बाबतीत अशी परीक्षा आधी घेता येत नाही, कारण हॉलमध्ये मागे कोण उभं राहणार हे कुणालाच माहीत नसतं.

बँडच ऐकायचा असेल तर माझ्या मते बसायच्या जागी जावं. फ्रिथ स्ट्रीटवरचं रॉनी स्कॉट्स (1959 मध्ये जेरार्ड स्ट्रीटवर सुरू झालं, 1965 मध्ये इथे आलं) महाग आहे, टेबलं दाटीवाटीची आहेत, पण रोख वाजवणाऱ्याकडेच असतो. डाल्स्टनचं व्होर्टेक्स लहान आणि साधं, तिथे येणारा ऐकायलाच येतो. क्लॅप्टनच्या सेंट जेम्स चर्चमध्ये 'चर्च ऑफ साउंड'चे कार्यक्रम होतात. बँड मध्ये, लोक चहूबाजूंनी. तिथे मी मंद्रातला सूर पूर्ण विरेपर्यंत ऐकला आहे. अशा ठिकाणचं तिकीट मिळत असेल तर माझं वरचं सगळं म्हणणं बाजूला ठेवा.

परत येण्याची काळजी नको. शुक्रवारी-शनिवारी नॉर्दर्न लाइन रात्रभर चालते. मी कॉलिंडेलला राहतो, पहाटे अडीचलाही सरळ घरी पोचलो आहे. सातचा कार्यक्रम करून साडेदहाला पुन्हा हॉलमध्ये शिरणं हा मार्ग दोनदा करून पाहिला, पण दुसऱ्या कार्यक्रमापर्यंत पाय आणि कान दोन्ही थकलेले असतात. ज्याचं पोट एका शनिवारी एका कार्यक्रमाने भरत नाही त्याने हे पंचविशीतच करावं.

भाच्याला मी लिहिलं: "सातच्या बँडला गेलास तर काही वाईट नाही, पुढे उजवीकडे ऑर्गनच्या जवळ उभा राहा, बारपासून लांब. पण मला विचारशील तर साडेदहाचं काढ. अकराच्या आत पोच, कारण पहिल्या तासात फरशी मोकळी असते आणि डीजे त्याच्या आवडीच्या लांब रेकॉर्ड तेव्हाच लावतो. रबरी तळाचे बूट घालू नकोस, फरशीला अडकतात. आणि खांबाजवळ टॉवेल दिसला तर तिथली जागा सोड."