अहवाल लिहायला शिकवायचं: कार्यशाळा की मसुद्यावरचे शेरे?

वनरक्षक, वनपाल, पाणलोटाचे तंत्रज्ञ यांना नेमकं लिहायला शिकवण्याच्या दोन वाटा: दोन दिवसांची कार्यशाळा, किंवा प्रत्येकाच्या चालू मसुद्यावर काही आठवडे शेरे देत राहणं.

कार्यशाळेत तीस जण एकदम बसतात आणि सगळ्यांना एकच साचा मिळतो. साचा, एकके, नकाशाचं प्रमाण, तक्त्यांची शीर्षकं एवढ्यापुरती ती उत्तम. पण सरावाचा उतारा कुणाच्याच स्वतःच्या कामातला नसतो, म्हणून कार्यालयात परतल्यावर जुनी भाषा परत येते.

शेऱ्यांची पद्धत संथ. एका मार्गदर्शकाला एका वेळी पाच-सहा जणांपलीकडे झेपत नाही. तरी खरी सुधारणा इथेच होते. समजा मसुद्यात आहे: ‘सदर क्षेत्रातील रोपे समाधानकारक स्थितीत आढळून आली.’ समासात तीनच प्रश्न लिहायचे: किती लावली, किती मोजली, कधी? मग दुसऱ्या खर्ड्यात येतं: ‘३ × ३ मीटर अंतराने हेक्टरी १,१११ रोपे लावली. मे महिन्यात नमुना भूखंडांत मोजलेल्या २०० पैकी १४२ जिवंत होती.’ म्हणजे ७१ टक्के. किती जागी पुन्हा रोपं लावायची हे आता वरिष्ठांना ठरवता येतं. शेरे देणाऱ्याने वाक्य स्वतःच दुरुस्त केलं की शिकणं थांबतं, आणि ही चूक सर्रास होते.

वेळ कमी असेल तर कार्यशाळा अर्ध्या दिवसावर आणा, उरलेला वेळ शेऱ्यांना द्या. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असं दिसलं की कोणी, कुठे, कोणत्या तारखेपर्यंत, हे विचारल्याशिवाय मसुदा पुढे सोडू नका.