वितरण की प्रोटेक्शन: वीज कंपनीत पहिली पोस्टिंग कुठे घ्यावी?

मोठ्या वीज कंपनीत रुजू होताना विभाग निवडायची मुभा मिळाली, की बहुतेक नवे इंजिनिअर वितरण टाळून प्रोटेक्शन-टेस्टिंग (फॉल्ट आला की लाइन तोडायला लावणाऱ्या रिलेंची तपासणी आणि सेटिंग) मागतात. वितरणात रात्री-अपरात्री फोन येतात, हे खरंच आहे. पण टेस्टिंगलाही दहा ते पाचची नोकरी समजू नका. लोड कमी असेल तेव्हाच शटडाऊन (कामासाठी लाइन किंवा यंत्र बंद ठेवण्याची मुभा) मिळतो, म्हणजे बरेचदा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी. मला या दोन कामांत मोठा फरक दिसतो तो चूक कधी उघडी पडते याचा.

वितरणात ती लगेच अंगावर येते. पावसात फीडर (सबस्टेशनमधून एखाद्या भागाला वीज नेणारी लाइन) ट्रिप झालाय, म्हणजे आपोआप बंद पडलाय, फॉल्ट सापडत नाही आणि फोन थांबत नाहीत. अशा वेळीही लाइनमन खांबावर चढण्याआधी परमिट (कामाची लेखी परवानगी), टेस्टरने खात्री आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग (तारा जमिनीशी जोडणं) झालंच पाहिजे. दोन्ही बाजूंना अशासाठी, की फीडर बंद असला तरी एखाद्या ग्राहकाच्या जनरेटरमधून उलटा सप्लाय येऊ शकतो. वरून कितीही दबाव आला तरी "माणूस खाली उतरल्याशिवाय लाइन चार्ज होणार नाही" हे ठामपणे सांगायला इथेच शिकतो आपण. थकबाकी आणि तक्रारींत वेळ जातो, तो जातोच.

प्रोटेक्शनमधली चूक मात्र वर्षानुवर्षं दबून राहू शकते. सीटीची (रिलेला करंटचं माप देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) पोलॅरिटी उलटी जोडली, तर लोड येताच डिफरन्शियल रिले (आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या करंटमधला फरक पाहणारा) ट्रिप देतो. ही त्यातल्या त्यात बरी चूक. डिस्टन्स रिलेचं (व्होल्टेज आणि करंटवरून फॉल्ट किती लांब आहे ते ठरवणाऱ्या रिलेचं) सेटिंग चुकलं, तर सिस्टिम अडचणीत येईपर्यंत पत्ता लागत नाही. आणि हिशोबाने लावलेलं सेटिंगही घात करू शकतं. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेत ओहायोमध्ये 345 केव्हीच्या लाइनी झाडांना लागून ट्रिप झाल्या, उरलेल्यांवर भार चढला आणि सॅमिस-स्टार लाइन फॉल्ट नसतानाही झोन 3 रिलेने (लांबच्या फॉल्टसाठी बॅकअप म्हणून ठेवलेल्या डिस्टन्स रिलेने) तोडली. पुढे अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. रिले बिघडलेला नव्हता, त्याला लोड आणि फॉल्ट यांतला फरक कळला नाही. असल्या प्रश्नात रात्र रात्र रमणाऱ्याने प्रोटेक्शनच घ्यावं.

कंट्रोल रूमचाही पर्याय असतो, पण शिफ्ट मानवत असतील तरच.

बाकीच्यांना मी सांगेन, आधी दोन-तीन वर्षं वितरण करा. ओली फांदी, तडकलेला इन्सुलेटर डोळ्यांनी पाहिला असेल, तर रिलेचा रेकॉर्ड वाचताना लाइनवर काय घडलं ते पटकन ओळखता येतं. फक्त वितरणातून टेस्टिंगला बदली मिळते का, हे रुजू होण्याआधी विचारून घ्या.