बुद्धिबळात घोडा की उंट?
दोघांची किंमत ३ प्यादी, पण ती कागदावर. पटाच्या मध्यावर घोड्याला ८ घरं मिळतात, कोपऱ्यात फक्त २. रिकाम्या पटावर उंटाला मध्यावर १३, कोपऱ्यातही ७. घोडा ए५ वर (अक्षर म्हणजे डावीकडून उभी रांग, आकडा म्हणजे खालून आडवी ओळ) आणि शत्रूचा उंट डी५ वर असला, की बी७, सी६, सी४, बी३ ही घोड्याची चारही घरं माऱ्यात, घोडा अडकलाच.

प्यादी एकमेकांत अडकून पट बंद झाला की पारडं फिरतं. उंट ज्या एका रंगाच्या घरांवरून चालतो, त्याच घरांवर आपली प्यादी रुतली, तर तो उंट नावापुरताच. घोडा उडी मारून पुढे जातो, प्याद्याच्या आधाराने पाचव्या-सहाव्या ओळीत ठाण मांडतो. पटाच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना प्यादी असलेल्या मोकळ्या अंतिम डावात (मोजकीच मोहरी उरलेली असताना) मात्र उंटच घ्यावा.