लाईट गेल्यावर कोणता हब जागा राहतो: खानदेशातल्या घरासाठी स्मार्ट होमची तुलना

दुकानात पहिला प्रश्न येतो, अलेक्सा हवी की गूगल? जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरासाठी हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा. आधी विचारायचं ते वेगळंच: नेट गेलं तरी जिन्यातला दिवा सेन्सरवर लागेल का? आणि लाईट जाऊन पहाटे तीनला परत आली, तर घरभरचे दिवे आपोआप पेटतील का? मोटारही सुरू होईल का? यंत्रणांमधला खरा फरक इथे दिसतो. ॲपचा रंग, आवाजाचा गोडवा वगैरे नंतर बघता येतं.

सगळ्यात स्वस्त आणि सोपी वाट म्हणजे हब, म्हणजे घरातली उपकरणं जोडून त्यांचे नियम चालवणारी पेटी, घ्यायचाच नाही: वाय-फायचे प्लग, वाय-फायचे दिवे आणि तुया या कंपनीचं किंवा तिचंच स्मार्ट लाइफ नावाचं ॲप. भारतीय नावाने विकले जाणारे बरेच दिवे-प्लगही आतून तुयाच्याच मंचावर चालतात. पाच-सात उपकरणांपर्यंत याला नावं ठेवायचं कारण नाही. पुढे दोन अडचणी येतात. नेटवाल्याने बसवून दिलेला साधा राउटर वीस-पंचवीस उपकरणांनंतर दमतो, अधूनमधून एखादं ‘ऑफलाइन’ दाखवू लागतो. शिवाय ‘सात वाजता ओट्यावरचा दिवा लाव’ हा नियम तुमच्या घरात नसतोच, कंपनीच्या सर्व्हरवर असतो. फायबर तुटली की नियम थांबला.

सर्व्हरवर विसंबलेल्या यंत्रणेचं काय होतं याचे दाखले अमेरिकेत आहेत. रिव्हॉल्व्ह नावाचा हब मे २०१६ मध्ये कंपनीनेच बंद केला आणि लोकांच्या घरातली पेटी निकामी झाली. इन्स्टिऑनचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये काहीही न सांगता बंद पडले. पुढे ग्राहकांपैकीच काहींनी ती कंपनी घेतली आणि सेवा परत सुरू झाली, पण तोवर कित्येकांनी दुसरं काहीतरी बसवून घेतलं होतं.

दुसरी वाट स्पीकरलाच हब करण्याची. ॲमेझॉनच्या चौथ्या पिढीच्या गोल इकोमध्ये झिगबीचा (दिवे-सेन्सरशी वाय-फायशिवाय, थोड्या विजेत बोलणाऱ्या बिनतारी पद्धतीचा) रेडिओ आतच आहे. साध्या इको डॉटमध्ये तो नाही, आणि घेताना नेमकी इथेच चूक होते. घरातली आजी बोलून दिवा लावू शकते हा मोठा फायदा, मात्र अलेक्साशी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलावं लागतं, मराठीत नाही. उपकरणाला ‘ओटा’, ‘माडी’ असं नाव दिलं तर बहुतेक वेळा ओळखलं जातं. जोडाक्षरं असलेली नावं टाळावीत. नेट गेलं की बोलणं जवळपास संपतं. अलेक्सातले नियमही साधेच: ‘हे झालं तर ते कर’ जमतं, पण ‘हे झालं, घरात कोणी नाही, आणि टाकी अर्ध्याच्या खाली आहे तरच’ असं म्हणायला गेलात की अडलं.

ॲपलचं होम घरात सगळ्यांकडे आयफोन असेल तरच. होमपॉड मिनी किंवा ॲपल टीव्ही हब म्हणून ठेवला की नियम घरातल्या घरात चालतात, नेट नसलं तरी. सासऱ्यांच्या हातात अँड्रॉइड फोन असेल तर ही वाट सोडा.

सॅमसंगचं स्मार्टथिंग्ज मधल्या माणसासाठी चांगलं आहे. घरात करामती करत बसणारा कोणी नाही, पण झिगबीचे सेन्सर हवेत, अशा घरासाठी. उपकरणांचे ड्रायव्हर (हबला उपकरण चालवता यावं म्हणून लागणारे छोटे प्रोग्राम) आता हबवरच चालतात, त्यामुळे नियमातली सगळी उपकरणं हबला थेट जोडलेली असतील तर तो नियम नेटशिवाय चालतो. एक जरी वाय-फायचा क्लाउडवाला प्लग त्यात घुसवला, की अख्खा नियम सर्व्हरवर जातो. फोनवरचं ॲप मात्र सर्व्हरमार्फतच बोलतं. २०२२-२३ मध्ये सॅमसंगने ड्रायव्हर लिहिण्याची जुनी ग्रूव्ही पद्धत बंद केली तेव्हा हौशी लोकांनी लिहिलेले शेकडो ड्रायव्हर एका फटक्यात निकामी झाले. तेव्हा इथेही दोर कंपनीच्याच हातात, एवढं लक्षात ठेवून घ्यावं.

हुबिटॅट हा अमेरिकी हब पूर्ण स्थानिक (सगळं घरातच, सर्व्हरशिवाय), नियमांचं इंजिन तगडं, दिसायला ओबडधोबड. अडचण खरेदीनंतरची. पेटी अमेरिकेहून मागवायची, बिघडली तर परत तिकडेच. आणि तिच्या जोरावर झेड-वेव्ह या झिगबीसारख्याच दुसऱ्या बिनतारी पद्धतीची उपकरणं घ्यायचा मोह होतो. भारतात झेड-वेव्हची फ्रिक्वेन्सी ८६५.२ मेगाहर्ट्झ आहे, अमेरिकेची ९०८.४ आणि युरोपची ८६८.४. पुतण्याने तिकडून आणलेलं कुलूप इथल्या हबशी बोलणार नाही. झिगबी सगळीकडे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, म्हणून आपल्याकडे झिगबीच बरं.

उरलं होम असिस्टंट. २०१३ पासून चालत आलेलं मुक्त सॉफ्टवेअर, २०२४ पासून ओपन होम फाउंडेशनकडे. सगळं घरातल्या पेटीत: नियम, नोंदी, ॲपसुद्धा. तुया, झिगबी, मॅटर (त्याबद्दल पुढे), इन्व्हर्टर, कॅमेरे, जे घरात आधीच पडलं आहे ते बहुतेक यात येतं. किंमत पैशात कमी, वेळेत जास्त. महिन्याला एक अपडेट येतो आणि तो न वाचता दाबला तर एखादी जोडणी तुटू शकते. घरात एक तरी माणूस असा हवा जो रविवारी तासभर यात बसेल. तसा माणूस असेल तर आमचं मत सरळ आहे: होम असिस्टंट आणि झिगबीचे रिले (भिंतीतल्या बटणामागे बसणारे छोटे स्विच). नसेल तर स्मार्टथिंग्ज. पाच-सात दिव्यांपुरतंच काम असेल तर हब घेऊच नका.

मॅटरबद्दल दुकानदार हमखास बोलेल. मॅटर म्हणजे हब नव्हे, ती उपकरणांची सामायिक बोली आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेली. तिचा खरा उपयोग असा की एकच प्लग एकाच वेळी अलेक्सालाही आणि होम असिस्टंटलाही जोडता येतो, त्यामुळे उद्या हब बदलला तरी उपकरण बदलावं लागत नाही. पण राउटरमध्ये आयपीव्ही-६ (नेटवर्कवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) बंद असेल तर जोडणी अर्ध्यातच लटकते, आणि कारण काही केल्या ध्यानात येत नाही. आणखी एक: रिले भिंतीत जाण्याआधी त्याच्यावरच्या क्यूआर स्टिकरचा आणि ११ अंकी कोडचा फोटो काढा. नंतर त्या कोडसाठी अख्खा बोर्ड उघडावा लागतो.

आता विजेकडे. हब, राउटर आणि फायबरची डबी, तिन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर हवेत. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर लाईट जाताना जो क्षणभर खंड पडतो त्यात राउटर रीस्टार्ट होतो आणि पुढची दोन-तीन मिनिटं घर मुकं राहतं. इन्व्हर्टरचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा, नाहीतर राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर मेमरी कार्ड घालून होम असिस्टंट चालवणं आपल्याकडे तर नकोच. वीज अशी झटक्याने जाते-येते तेव्हा पहिलं मरतं ते कार्ड. एसएसडी डिस्क लावा किंवा ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवण) असलेली तयार पेटी घ्या.

झिगबीत आणखी एक खोच आहे, जी पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत सापडत नाही. विजेवर चालणारे रिले आणि प्लग हेच पुढच्या सेन्सरचा सिग्नल उचलून हबकडे देतात. हे रिले साध्या लाईनवर असतील तर लाईट जाताच ते मरतात, आणि गच्चीवरचा बॅटरीवाला सेन्सर बॅटरी भरलेली असूनही एकटा पडतो. म्हणून हबपासून गच्चीपर्यंत वाटेत निदान दोन रिले इन्व्हर्टरच्या लाईनवर ठेवा. धाब्याच्या जुन्या घरात तर हे हवंच. दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झ फार लांब जात नाही.

उन्हाळ्याचं तापमान हा विनोदाचा विषय नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि बऱ्याच प्लगच्या पाठीवर कमाल ४० अंश लिहिलेलं असतं. पत्र्याखालच्या माळ्यावर हब ठेवू नका. रास्पबेरी पाय-४ ची चिप ८० अंशांवर गेली की स्वतःच वेग कमी करते आणि मग दिवे दोन सेकंद उशिरा लागू लागतात.

स्मार्ट बल्ब की भिंतीतला रिले, हा वाद इथे फार काळ चालू नये. घरातली मोठी माणसं बटण बंद करणारच, आणि बटण बंद झालं की बल्ब नेटवर्कमधून गेला. रिलेमध्ये भिंतीवरचं बटण पूर्वीसारखंच चालतं, हब मेला तरीही. रिलेला न्यूट्रल लागतो. पाच पिनचं सॉकेट असलेल्या बोर्डात तो असतोच, नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डात नसतो. वायरमनला एक गोष्ट उभं राहून सांगा: बहुतेक छोट्या रिलेंवर एस-१ आणि एस-२ ही टोकं नुसत्या बटणासाठी असतात, त्यात फेज द्यायची नाही. सवयीने बटणाची जुनी फेजची वायर तिथे घातली की रिले जागीच जळतो. पंख्याला दिव्याचा डिमर लावू नका, गुणगुणतो आणि तापतो. पंख्यासाठी कपॅसिटरचं वेगळं मॉड्यूल मिळतं.

मोटार हा स्वतंत्र मामला. एक एचपीची मोटार चालताना पाच-सात अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या चार ते सहापट खेचते. ‘१६ अँपिअर’ लिहिलेला प्लग काही महिन्यांत आतून चिकटतो आणि मग ॲप ‘बंद’ दाखवत असताना मोटार चालूच राहते. रिलेने कॉन्टॅक्टरची (जड प्रवाह झेलणाऱ्या मोठ्या स्विचची) २३० व्होल्टची कॉइल चालवा, मोटार कॉन्टॅक्टरवरून. रिलेची ‘लाईट आल्यावरची अवस्था’ बंद ठेवा. दिव्यांना ‘आधीची अवस्था’ चालेल, मोटारीला नाही. वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याचा टाइमर हबमध्ये नव्हे, रिलेमध्येच लावा, आणि टाकीतला फ्लोट स्विच (टाकी भरली की मोटार बंद करणारा) काढू नका. शेतातल्या थ्री-फेज पंपाला या भानगडीत ओढूच नका, त्याला मोबाइल स्टार्टर पुरे.

नळाला पाणी काही दिवसांआड आणि अवेळी येतं अशा वस्तीत हबचा सगळ्यात कामाचा उपयोग दिव्यांचा नसून हा आहे: तारेच्या टोकावर प्रोब (पाणी ओळखणारं टोक) असलेला पाणी-गळतीचा झिगबी सेन्सर घ्या, प्रोब नळाच्या तोंडाशी बांधा, डबी वर कोरड्या भिंतीला लावा. पाणी आलं की फोन वाजतो. प्रोब सलग दोन मिनिटं ओला राहिला तरच सूचना द्यावी अशी अट घाला, नाहीतर नळातून ठिबकलेला एक थेंबही सगळ्यांना उठवतो. अशी अट होम असिस्टंटमध्ये एका ओळीची आहे.

आधीच एक यंत्रणा आहे आणि बदलायची आहे, तर पहिलं काम वहीतलं. खोली, उपकरण, वाय-फाय की झिगबी, सध्याचं नाव, कोड, आणि प्रत्येक नियमाचा स्क्रीनशॉट. नियम एका यंत्रणेतून दुसरीत जात नाहीत, हाताने पुन्हा लिहावे लागतात. नवा हब जुन्याशेजारी सुरू करा, पण राउटरपासून मीटरभर लांब. होम असिस्टंटच्या पेटीला झिगबीचा रेडिओ देणारी यूएसबी काडी थेट पेटीत खोचू नका. यूएसबी-३ च्या गोंगाटात ती बहिरी होते, अर्ध्या ते एक मीटरची जोडवायर लावा आणि शक्य तर यूएसबी-२ च्या खाचेत. वाय-फाय १ नंबरच्या चॅनेलवर असेल तर झिगबी २० किंवा २५ वर ठेवा.

झिगबी उपकरण एका वेळी एकाच हबचं असतं. जुन्या ॲपमधून ते काढा, रिलेचं बटण पाच-दहा सेकंद दाबून रीसेट करा, मग नव्यात जोडा. क्रम महत्त्वाचा: आधी हबजवळचे विजेवरचे रिले, मग त्यापुढचे, शेवटी बॅटरीचे सेन्सर, आणि तेही त्यांच्या कायमच्या जागी असताना. टेबलावर जोडून मग गच्चीवर नेलेला सेन्सर कित्येकदा वाट चुकतो. एका दिवशी एकच खोली घ्या. तुयाचं उपकरण होम असिस्टंटमध्ये स्थानिक पद्धतीने घेतलं असेल तर ते ॲपमध्ये पुन्हा जोडू नका. पुन्हा जोडलं की त्याची स्थानिक किल्ली बदलते आणि आधीची जोडणी मरते.

अलेक्सा ठेवणार असाल तर उपकरणांची नावं तीच ठेवा आणि जुनी नोंद आधी पुसा, नाहीतर ‘या नावाची अनेक उपकरणं आहेत’ ऐकत बसाल. राउटर बदलला तर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा; वीस प्लग पुन्हा जोडायचे वाचतात. होम असिस्टंटचा बॅकअप आता कुलूपबंद असतो, त्याची किल्ली कागदावर लिहून वीजबिलांच्या फाइलीत ठेवा. जुना हब पंधरा दिवस तसाच राहू द्या, आणि त्या पंधरा दिवसांत एकदा मेन स्विच स्वतः पाडून, पाच मिनिटांनी परत चढवून बघा.