बलाढ्य संघापुढे कसोटीला लागलेले डिजिटल घड्याळ

आमच्या बुद्धिबळ क्लबने लीगसाठी घेतलेल्या डिजिटल घड्याळांची खरी परीक्षा सरस मानांकनाच्या संघाविरुद्धच्या सामन्यात झाली. खेळाडूची ताकद आकड्यांत मांडणाऱ्या एलो गुणांकनात 200 गुणांनी मागे असलेल्या खेळाडूकडून डावामागे सरासरी 0.24 गुणाचीच (विजयाला 1, बरोबरीला अर्धा) अपेक्षा असते. त्यामुळे अशा लढतीत बरोबरी बहुधा लांबलेल्या अंतिम टप्प्यातच साधावी लागते, आणि तिथे प्रत्येक चालीगणिक मिळणारे वाढीव 30 सेकंद (या पद्धतीच्या घड्याळाचे पेटंट माजी विश्वविजेते बॉबी फिशर यांना 1989 मध्ये मिळाले) दुबळ्या बाजूला मोठा आधार देतात. चालींची नोंद मात्र खेळाडूंना अखेरपर्यंत करावीच लागते. अंक दुरूनही स्पष्ट दिसतात. डाव सुरू असताना वेळ दुरुस्त करणे पंचांसाठी अकारण किचकट आहे, म्हणून पाचपैकी चार तारे.