"गॅस कमी झालाय" म्हणून ३५०० रुपये घेतले, एसीत गॅस पूर्ण होता

दरवर्षी उन्हाळ्यात एसीत गॅस भरावाच लागतो असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर हे पूर्ण वाचा, कारण अकोल्यात माझ्या आई-बाबांना याच एका वाक्यावर लुटलंय आणि वर मशीनची वाट लावून गेलेत ते वेगळंच. खूप राग आहे मनात, पण खाली जे लिहिलंय ते सगळं नंतर जाणकार माणसाकडून तपासून घेतलेलं आहे.

एसी दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, आर-३२ गॅसवाला. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ ला जातो आणि नेमकं तेव्हाच दुपारी एसी थंड करेना, नुसती हवा फेकायचा. बाबांनी मोबाईलवर कंपनीचं नाव आणि कस्टमर केअर असं टाकलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला त्यावर फोन लावला. पलीकडची बाई कंपनीचंच नाव घेऊन बोलली, अगदी अदबीने, सर्व्हिसचे ३९९ सांगितले, तासाभरात माणूस येईल म्हणाली. आलाही.

दोन पोरं होती. आतल्या फिल्टरच्या जाळ्या नळाखाली धरल्या, इनडोअरवर फुसफुस पाणी मारलं, झाली सर्व्हिस. मग गच्चीवरच्या आउटडोअरकडे गेले, त्याची मागची जाळी बघितलीही नाही, बाजूचं झाकण काढलं आणि गेज, म्हणजे गॅसचा प्रेशर दाखवणारं मीटर, लावला. खाली एसी चालू करायला सांगितला. थोड्या वेळाने बाबांना हाक, "काका, या, तुमच्या डोळ्यांनी बघा. काटा इथं पाहिजे, अन् आहे इथं. गॅस त निम्माही नाही राहिला. असाच चालवला त कॉम्प्रेसर जळन, मंग पंधरा-वीस हजार." घरात दोन म्हातारी माणसं, बाहेर आग ओततेय, आईला बीपी, अशा वेळी कोण नाही म्हणेल? एका छोट्या सिलिंडरमधून पाच-दहा मिनिटांत "फुल" करून दिला, काटा वर आलेला दाखवला, गॅसचे ३५०० आणि सर्व्हिसचे ३९९ यूपीआयने घेतले आणि साध्या वहीच्या पानावर रक्कम लिहून दिली. जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही, कंपनीचं नावसुद्धा नाही.

तीन-चार तास बरं वाटलं, संध्याकाळ झाल्यामुळेही असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी एसी आधीपेक्षा वाईट, चालू व्हायचा, थोड्या वेळाने आउटडोअर बंद, परत चालू, परत बंद. बाबांनी त्याच नंबरवर फोन केला तर म्हणे आता पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, गेला असेल, ७५०० लागतील. तेव्हा बाबांनी मला फोन केला आणि मी मामेभावाला.

हा मामेभाऊ आयटीआयमधून रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड करून अमरावतीला स्वतःचं काम करतो, आम्ही त्याला दादाच म्हणतो. रविवारी सगळं सामान गाडीत टाकून आला. त्याने आधी गेजला हातच लावला नाही, आउटडोअरची मागची बाजू बघितली. कॉइलवर धूळ आणि कापसाच्या तंतूंचा असा थर बसलेला की पत्रे दिसत नव्हते. म्हणजे मूळ दुखणं एवढंच होतं, बाहेरच्या कॉइलला हवाच मिळत नव्हती, उष्णता बाहेर फेकली जात नव्हती, म्हणून आतला प्रेशर वाढायचा आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला कॉम्प्रेसरचा वेग कमी करायचा. पाण्याच्या जेटने नीट धुतलं असतं तर ३९९ मध्येच काम झालं असतं.

मग त्याने बाबांना विचारलं, गेज बघायला बोलावलं त्याच्या आधी त्या पोरांनी नक्की काय काय केलं? बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर, आयुष्यभर व्हॉल्व्ह उघडझाप बघितलेला माणूस, त्यांच्या बरोबर लक्षात होतं की एकाने एल आकाराच्या चावीने बारीक पाइपवरचा बोल्ट फिरवला होता आणि गॅस "भरताना" परत उलटा फिरवला होता. दादा म्हणाला झालं, हीच ती ट्रिक. तो बारीक पाइप म्हणजे बाहेरून आत लिक्विड जायची लाइन. चालू एसीत तिचा व्हॉल्व्ह ॲलन कीने दाबत आणला की कॉम्प्रेसर जाड, म्हणजे आतून बाहेर परत येणाऱ्या, पाइपमधला गॅस ओढत राहतो पण आत नवीन येत नाही, आणि जाड पाइपवर लावलेल्या गेजचा काटा झपझप खाली पडतो. अगदी शून्यापर्यंतसुद्धा नेता येतो. हे खरं तर एसी काढून दुसरीकडे बसवताना करायचं काम आहे, त्याला पंप डाऊन म्हणतात, सगळा गॅस आउटडोअरमध्ये कोंडून ठेवायला. ते इथे वापरलं जातं गिऱ्हाईकाला घाबरवायला. नंतर व्हॉल्व्ह उघडला की काटा आपोआप वर येतो, सिलिंडरमधून एक ग्रॅम गॅस नाही सोडला तरी येतो! काटा खोटा नव्हता, त्यामागची परिस्थिती खोटी होती, आणि हे समोर उभ्या असलेल्या साध्या माणसाला कळणार कसं.

आमच्याकडे तर त्यांनी वरून आणखी गॅस आत भरलाही होता. दादाने रिकव्हरी मशीनने सगळा गॅस वजनकाट्यावर ठेवलेल्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला. स्प्लिटच्या आउटडोअरवर जो स्टिकर असतो त्यावर कोणता गॅस आणि किती हे छापलेलं असतं, आमच्यावर ७८० ग्रॅम आहे. निघाला एक किलोच्या वर. मग त्याने नायट्रोजन भरून प्रेशर लावला, फ्लेअर नटांवर, म्हणजे पाइप जोडणाऱ्या नटांवर, साबणाचा फेस लावला, बराच वेळ थांबला, काटा हलला नाही आणि बुडबुडा कुठेच नाही. लीक नाही म्हणजे कंपनीने भरलेला गॅस जाणार कुठे? तो पूर्णच होता, त्याच्यावर यांनी अंदाजपंचे आणखी भरला. जास्त गॅस झाला की बाहेरच्या कॉइलमध्ये लिक्विड साठतं, प्रेशर आणखी चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट खेचतो. त्यात कॉइल तुंबलेली आणि दुपारचं ४५ चं ऊन, म्हणून मशीन सारखं ट्रिप होत होतं. पीसीबी ठणठणीत होता. म्हणजे आधी स्वतः बिघडवायचं आणि मग त्याच बिघाडाचे ७५०० मागायचे.

एसीचा गॅस वापरून संपत नाही हो. तो बंद पाइपांत गोल फिरतो, लिक्विड होतो, परत गॅस होतो, कॉम्प्रेसर जळेपर्यंत तोच. घरातल्या फ्रीजमध्ये आपण दर उन्हाळ्यात गॅस भरतो का? कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, फ्लेअर नट सैल, पाइपला घासून भोक, किंवा आतली कॉइल गंजून फुटलेली, समुद्राजवळ किंवा उघड्या गटाराजवळच्या घरांत हे लवकर होतं. जॉइंटपाशी तेलकट डाग दिसतो, बारीक पाइपवर किंवा कॉइलच्या एका भागावर बर्फ धरतो. पण फिल्टर घाण असला तरीही बर्फ धरतो, म्हणून नुसता बर्फ दाखवून कोणी गॅसचे पैसे मागत असेल तर आधी फिल्टर धुऊन बघा. आणि लीक शोधल्याशिवाय गॅस भरणारा माणूस, प्रामाणिक असला तरी, तुमचे पैसे हवेतच सोडतोय.

गेजबद्दल एक गोष्ट दादाने मुद्दाम सांगितली. आर-३२ चा एसी बंद असताना या उन्हात काटा ३०० पीएसआयच्या (प्रेशर मोजायचं माप) वर असतो, चालू झाला की जाड पाइपवर साधारण ११० ते १५० च्या आसपास येतो, आणि जुन्या आर-२२ मध्ये चालू असताना ६०-७० म्हणजे बरोबर. काही जण बंद असतानाचा आकडा दाखवून ठेवतात आणि चालू केल्यावर "बघा किती पडला" म्हणतात. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरच्या वेगाप्रमाणे आकडा बदलतोच, त्यामुळे एका काट्यावरून निदान होतच नाही. खरंच गॅस भरायचाच असेल तर लीक दुरुस्त, मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची, मग स्टिकरवरच्या वजनाइतका गॅस डिजिटल काट्यावर मोजून. वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप सोबत नसेल तर त्या माणसाला एसीला हात लावू देऊ नका, सरळ परत पाठवा. वाईट वाटू देऊ नका. आर-३२ पेट घेऊ शकतो, थोडा का होईना ज्वलनशील आहे, आणि ही पोरं गॅस भरत होती तेव्हा गच्चीवर शेजारीच आईचा पाणी तापवायचा बंब पेटलेला होता. हे कळल्यावर मला रात्री झोप नाही लागली.

दादाने कॉइल धुतली, व्हॅक्यूम केलं, ७८० ग्रॅम मोजून भरला. आता खोलीतून एसीत जाणारी हवा आणि जाळीतून बाहेर येणारी हवा यात १०-११ डिग्रीचा फरक येतोय, साध्या थर्मामीटरने मोजता येतो, तुम्हीही मोजून बघा.

नंतर मी त्याच नंबरवर फोन केला आणि मुद्दाम दुसऱ्याच कंपनीचं नाव घेतलं. तीच बाई, तोच अदबीचा आवाज, "हो मॅडम, आम्ही त्यांचंच ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटर." तिसऱ्या कंपनीचं नाव घेतलं तरी हो. म्हणून कंपनीचा नंबर सर्चमधून घेऊ नका, वॉरंटी कार्डवरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून घ्या. आणि एसी वॉरंटीत असेल तर बाहेरच्याने आतल्या गॅसशी खेळल्यावर कंपनी कॉम्प्रेसरची वॉरंटी नाकारू शकते, म्हणजे ३५०० वर थांबत नाही हे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली आहे, यूपीआयचा पुरावा, वहीच्या पानाचा फोटो आणि स्टिकरचा फोटो जोडला, आणि कंपनीच्या नावाने खोटं बोलून पैसे उकळले म्हणून सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला १९३० वरही कळवलं. बाबा म्हणत होते जाऊ दे, गेले पैसे. मी म्हटलं नाही बाबा, उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी जातील.

आणि गेलेच होते. समोरच्या काकूंकडे विंडो एसी आहे, त्यांनाही याच पोरांनी नुसता हात लावून "गॅस संपला, ३००० लागतील" सांगितलं होतं, काकूंनी पेन्शन आल्यावर बोलावते म्हणून सांगून ठेवलेलं. दादा म्हणाला विंडो एसीला कंपनीकडून गेज लावायला व्हॉल्व्हच नसतो, पाइप कापून पिनचा व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय आतला गॅस मोजताच येत नाही, मग यांना हात लावून कळलं कसं? त्याने उघडून बघितला तर कॅपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायला मदत करणारा छोटा पार्ट, फुगलेला होता, त्यामुळे कॉम्प्रेसर उचलतच नव्हता. बाजारातून नवीन आणून बसवला, दोनशे-अडीचशेचा पार्ट, आणि काकूंनी त्या नंबरवर फोन करून सांगितलं की परत गल्लीत दिसलात तर पोलिसांना बोलावेन.