बायोमेडिकल एथिक्सचा वीकेंड वर्ग, लक्ष्मीनगर : पैसे वसूल, रविवारची दुपार सोडून

मी नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात मशिनींचं मेंटेनन्स बघतो. दरवर्षी इंजिनिअरिंगची पोरं आमच्याकडे ट्रेनी म्हणून येतात. मार्क भरपूर, सोल्डरिंग झकास, पण पीएमच्या (मशीन बिघडण्याआधी ठरावीक काळाने होणाऱ्या देखभालीच्या) कागदावर सही मागितली की न वाचता ठोकतात. लक्ष्मीनगरात एका खाजगी क्लासच्या हॉलमध्ये इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी बायोमेडिकल आणि व्यावसायिक नीतिमत्तेचा दोन दिवसांचा वर्ग आहे असं कळलं, तेव्हा दोन ट्रेनींना घेऊन स्वतःही जाऊन बसलो. फी माणशी १,८०० रुपये, चहा-नाश्ता धरून.

कॉलेजात हा विषय म्हणजे हजेरी लागली की संपला. इथेही सुरुवात तशीच. स्वायत्तता, हित, अहित टाळणं, न्याय ही चार तत्त्वं, मग माणसांवरच्या वैद्यकीय प्रयोगांच्या संहिता, न्यूरेम्बर्ग १९४७, हेलसिंकी १९६४, सगळं पडद्यावर भराभर. मागच्या रांगेत मोबाईल निघाले.

मग शिकवणाऱ्या मॅडमनी प्रोजेक्टर बंद केला आणि टेबलांवर जुने इन्फ्युजन पंप (शिरेतून ठरल्या वेगाने औषध सोडणारी मशिनं) मांडले. गटाला एक पंप, एक पीएम चेकलिस्ट, पाच मिनिटं. "उद्या एनएबीएचची टीम येतेय, स्टिकर लागले पाहिजेत," एवढीच सूचना. (एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था.) वेळ संपायच्या आत सगळ्यांच्या याद्या टिकमार्कांनी भरल्या. मॅडमनी त्यातली एकच ओळ वाचली : ऑक्लूजन अलार्म (नळी तुंबली की वाजणारा) तपासला. आता ही तपासणी म्हणजे पंप चालू करायचा, नळी चिमट्याने बंद करायची आणि दाब वाढून अलार्म वाजेपर्यंत थांबायचं. वेग कमी ठेवला तर त्यालाच पाच मिनिटांच्या वर लागतात. आणि टेबलावर नळीचा सेट ठेवलेलाच नव्हता!

"मॅडम, सगळेच असं करतात," एक जण म्हणाला. आमचाच ट्रेनी, दुसरं कोण. मॅडम चिडल्या नाहीत. "रक्तदाब टिकवायला नॉरअ‍ॅड्रेनालिन चालू असलेल्या पेशंटची नळी दुमडली आणि पंप गप्प राहिला, तर घरचे कोणाची सही शोधतील रे?" या एका तासासाठी मी १,८०० पुन्हा देईन.

थेरॅक-२५ चा किस्साही त्यांनी असाच सांगितला. कॅनडात बनलेलं हे रेडिएशनचं मशीन. १९८५ ते १९८७ मध्ये त्यातून सहा पेशंटना भयंकर जास्त डोस गेला. आधीच्या मॉडेलमध्ये हार्डवेअरचे इंटरलॉक, म्हणजे चूक झाली की मशीन अडवणारे कुलूप, होते. इथे ते काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली, आणि ऑपरेटरने नोंद झटपट दुरुस्त केली की ते गोंधळायचं. पुस्तकात एवढंच असतं. मॅडमनी थांबवलं ते पुढच्या गोष्टीवर : स्क्रीनवर 'मालफंक्शन ५४' आलं आणि ऑपरेटरने 'पी' दाबून उपचार पुढे चालू केला, कारण असले मेसेज रोजच यायचे. हे टेक्सासमधलं, आणि त्या दिवशी आतल्या पेशंटचं बोलणं ऐकू येणारा इंटरकॉमही बंद होता. आमच्या आयसीयूत मॉनिटर किंचाळत असतो आणि कोणी मान वर करत नाही, हे आठवून मी वहीत लिहून घेतलं.

भंडाऱ्याचा विषय निघणारच होता. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा बाळं गेली. चौकशीत बोट रेडिएंट वॉर्मरमधल्या (बाळाला ऊब देणाऱ्या मशीनमधल्या) ठिणगीकडे गेलं. नागपूरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवरची गोष्ट, हॉलमधल्या काही पोरांचं तर गावच तिकडचं. मॅडमनी दोषी कोण हे विचारलंच नाही. वॉर्मर, वायरिंग, फायर अलार्म, प्रत्येक गोष्टीपुढे 'हे शेवटचं कोणी तपासायचं' एवढं लिहून घेतलं. मला हे पटलं. बातमी वाचून हळहळणं वेगळं आणि आपलं नाव कुठल्या रकान्यात येतं हे बघणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांचेच प्रोजेक्ट. एकाने होस्टेलच्या मित्रांचे ईसीजी घेतले होते, फाइली नावासकट ड्राइव्हवर. संमती? "विचारलं होतं ना, हो म्हणाले." त्यातल्या एका मित्राचे ठोके अनियमित दिसले, तर त्याला सांगणार कोण, आणि सांगायला तुम्ही डॉक्टर आहात का? यावर अर्धा तास तुफान वाद. पल्स ऑक्सिमीटरवरही तसंच झालं. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की काळ्या पेशंटमध्ये ऑक्सिजन कमी असूनही यंत्र तो ठीक दाखवण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. एका मुलीने आपलं बोट वर करून विचारलं, "मग विदर्भातल्या उन्हात काम करणाऱ्या माणसावर हे तपासलंय का कोणी?" तिला नोकरी हवी असेल तर आमच्याकडे जागा आहे.

आता रविवारची दुपार. व्यावसायिक नीतिमत्ता एका वकील साहेबांकडे होती आणि त्यांनी नियम वाचून दाखवले. धोक्यानुसार उपकरणांचे ए, बी, सी, डी वर्ग, वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम, वाचा आणि पाठ करा. १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आलं, ही अ‍ॅप बनवणाऱ्या पोरांच्या सगळ्यात कामाची गोष्ट एका वाक्यात उडवली. उड्डाणानंतर लगेच फुटलेल्या चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाला आदल्या रात्री विरोध करणारा इंजिनिअर रॉजर बोइजोली, त्याचा नुसता फोटो. साहेबाला 'नाही' कसं म्हणायचं, मेल कसा लिहायचा, दिवाळीला सेल्सवाला पाकीट घेऊन आला तर काय करायचं, हे शिकवायची जागा हीच होती की!

आणखी एक. दोन दिवस नुसते अपघातच ऐकले. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची झडप बनवताना तीन नमुने बाद केले आणि चौथा ६ डिसेंबर १९९० ला पहिल्यांदा पेशंटला बसवला, असलं काही सांगितलं असतं तर नीट काम करणारी माणसंही दिसली असती.

हॉल ठीक, पार्किंगची बोंब, तर्री पोहे उत्तम. तिसऱ्या वर्षाच्या पुढच्या मुलांनी जरूर जावं, आधीच्यांना मशीन हाताळल्याशिवाय यातलं फारसं लागणार नाही. पाचपैकी चार तारे, त्यातला अर्धा पोह्यांचा. आयोजकांना सांगून आलोय की रविवारी दुपारी वकिलांसोबत एखादा सर्व्हिस इंजिनिअर बसवा. नंबर मागितलाय त्यांनी माझा.